पाणी सोडणारा

अठ्ठावीस वर्षं मी गावाला पाणी सोडलं.
सहाला खालचा मोहल्ला, साडेसातला बाजारओळ,
शेवटी शाळेमागचा चढ,
तिथं पाणी रोज रुसूनच पोचायचं.
व्हॉल्व्हची लांब चावी सायकलला बांधलेली,
पोरं म्हणायची, आला मेश्राम, हंडे काढा.

आता नळी माझ्याच पोटातून निघते.
पेन्सिलीएवढी, टोकाला टोपण.
दिवसातून चारदा
मी स्वतःलाच सोडतो.

मागच्या खोलीत तुरीची पोती असायची.
ती हलवली, चुना मारला.
काटा लटकायचा त्या हुकाला दोन लिटरची पिशवी,
दुसरी, रिकामी, खाली घमेल्यात.
दार बंद. पंखा बंद. तोंडाला फडकं.
मे महिन्यात पिशवी गरम करावी लागत नाही,
पत्र्याखाली ती आपोआप अंगाएवढी होते.
बाहेर बेबीनंदा पहाऱ्याला,
मांजराला आणि सरपंचाला एकाच आवाजात सांगते,
"आत काम चालू हाय. मंग या."

जुनं आधी काढायचं, मग नवं भरायचं.
निघालेली पिशवी पेपरावर ठेवायची,
आरपार अक्षरं वाचता आली म्हणजे बरं.
माझा पेपर एकच, मागच्या श्रावणातला.
त्यात एक म्हैस हरवली आहे.
उजवं शिंग मोडकं, कपाळावर पांढरा ठिपका,
शोधून देणाऱ्यास योग्य बक्षीस.
रोज चार वेळा मला ती सापडते.
बक्षीस कोणी देत नाही.

एकदा, पोळा होऊन आठवडा झाला असेल,
म्हैस धुक्यात गेली.
चूक माझीच.
नव्या पोराचा फोन आला होता मधेच,
काका, शाळेकडचा व्हॉल्व्ह फिरूनच नाही राहिला.
मी फडकं खाली ओढलं आणि सांगत बसलो,
अर्धा आटा मागं घे, मग पुढं.
त्याचं पाणी सुटलं.
माझं गढूळ झालं.

ती गढूळ पिशवी घेऊनच या, सिस्टर म्हणाली.
यवतमाळच्या एस्टीत बेबीनंदानं ती मांडीवर धरली,
लग्नातलं लुगडं धरावं तशी, थैलीत, दोन्ही हातांनी.
कंडक्टरनं विचारलं, काय हाय त्याच्यात?
"पाणी हाय बाप्पा," ती म्हणाली,
आणि खिडकीकडे तोंड केलं.

लोक विचारतात,
तुमच्याच पाण्यानं झालं काय हे?
डॉक्टर म्हणतात, साखर. बारा वर्षांची साखर.
मी ऐकून घेतो.
पण टाकीत टीसीएल मी मुठीनं टाकायचो, ह्याच मुठीनं,
आणि रात्री कधी कधी ती उघडून बघतो.

विहिरीत पोहणं, लोणचं, लेकीकडचा लांब मुक्काम,
एवढ्यावर पाणी सोडलं.
बाकी धरून आहे.
दिवसाचे तीन पेले ठरलेले,
तिसरा मी संध्याकाळपर्यंत नुसता बघत असतो.
नातू प्रज्वल खोक्यांचं घर करून त्यात राहतो.
महिन्याला तीस खोकी येतात नागपूरहून,
त्याचं घर आता दुमजली आहे.

वहीत लिहितो: आत दोन हजार, बाहेर बावीसशे.
पंपाचं रजिस्टरही असंच लिहायचो,
त्यात कधी कधी खोटं लिहिलं.
ह्यात नाही.

रात्री दहाची पाळी. लाईट गेली.
गावचं पाणी लाईट गेली की थांबायचं,
लोक मला शिव्या द्यायचे, वीज मंडळाला नाही.
हे थांबत नाही.
ह्याला नुसता उतार लागतो.
अंधारात घमेल्याकडून बारीक आवाज येतो,
चढावरच्या शेवटच्या नळाला यायचा, तसाच.

बेबीनंदा तोंडाला पदर बांधून
मोबाईलची बॅटरी धरून उभी.
"आलं काय?"
सारं गाव मला हेच विचारायचं.

येऊन राहिलं, म्हणतो.
बॅटरी जरा खाली धर,
म्हैस दिसू दे.